दोन इंजिनं, एक नंबर

मामांची बुलेट १९७४ची. साडेतीनशे, बिडाचं बॅरल (म्हणजे सिलिंडर), उजव्या पायात गिअर, सहा व्होल्टचे दिवे. मामा जानेवारी २०२१मध्ये गेले आणि गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली, ती थेट २०२२च्या दिवाळीपर्यंत. भाऊबीजेला गेले तेव्हा मामींनीच विषय काढला. "भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. तुला हवी असली तर घेऊन जा बाई, नाहीतर माझ्याच्यानं एक दिवस देऊन टाकणं होईल."

त्या संध्याकाळी प्लग साफ केला, नवीन पेट्रोल घातलं आणि तासाभराच्या खटपटीनंतर गाडी चालू झाली. आवाज ऐकून मामी बाहेर आल्या, पण मला त्या आवाजात दुसरंच काही ऐकू येत होतं. खालून, अगदी पोटातून, ठोका. सायलेन्सरमधून निळा धूर. टूलबॉक्समध्ये मामांची छोटी डायरी सापडली. ऑईल कधी बदललं, क्लचप्लेटा कधी टाकल्या, सगळं तारखेनिशी. ऑगस्ट १९९६च्या पानावर लिहिलं होतं: "बोअर ४० ला. आता पुढे नाही." म्हणजे ७० मिलिमीटरचं सिलिंडर चाळीस हजारांश इंच, जवळजवळ एक मिलिमीटर, मोठं करून झालं होतं. त्याला बसेल असा याहून मोठा पिस्टन बाजारात सहसा मिळत नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा वेगळीच गाडी होती. मागची फ्रेम कापून खाली बसवलेली, छोटी टाकी, एकच सीट. त्याहून मोठं स्वप्न म्हणजे दोन बुलेट इंजिनं जोडून व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात दोन सिलिंडर. अनिकेत वर्धन या भारतीय डिझायनरने अमेरिकेत बुलेटचे वरचे भाग वापरून ७०० सीसीचं 'मस्केट' इंजिन उभं केलं, त्याबद्दल मी कित्येकदा वाचलं होतं. पण त्यातली कळीची गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली: त्यासाठी त्यांना क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, नव्याने ओतून घ्यावं लागलं. आणि आपल्याकडे गाडीचा इंजिन नंबर कोरलेला असतो तो क्रँककेसवरच, बॅरलच्या खाली. केस बदललं की कागदाच्या हिशेबी इंजिन बदललं. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. फ्रेम कापणं तर दूरच. म्हणून ठरवलं, फ्रेमला वेल्डिंगचा एकही टाका नाही, केस मामांचंच राहील आणि बाकीचं इंजिन दुसऱ्या एखाद्या जुन्या इंजिनातून आणायचं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात यायला दीड वर्ष गेलं.

आधी कागद. गाडी चालू होत होती तेवढ्यात पीयूसी काढून घेतलं. ही अक्कल शेजारच्या मिस्त्रींची. "ताई, इंजिन खोलल्यावर पीयूसी कुठून आणाल? नाव बदलायला तो कागद मागतात." एवढ्या जुन्या गाडीला ते सहा महिने चालतं. विमा संपलेला होता. ऑनलाइन कुठल्याच ठिकाणी इतकं जुनं साल निवडता येईना, शेवटी शाखेत जाऊन थर्ड पार्टी विमा काढला. १५० ते ३५० सीसीच्या गाडीला तेव्हा १,३६६ रुपये अधिक जीएसटी.

गाडी मामांच्या नावावर, म्हणून आधी ती मामींच्या नावावर करणं भाग होतं. त्यासाठी फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, आणि दोन्ही मामेभावांचं 'आमची हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र, तेव्हा १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर. एक भाऊ बेंगळुरूला, त्याचा कागद कुरियरने यायला बारा दिवस. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओ कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा, असा नियम आहे. आम्हाला जवळजवळ दोन वर्षं झाली होती, त्यामुळे दंड पडला. घरात असं काही घडल्यावर गाडीचा विचार कोणाच्या मनात येतो, हे मलाही कळतं. तरी तेराव्यानंतर घरातल्या कोणीतरी एकाने आरसी शोधून बाजूला काढून ठेवावी. डिसेंबर २०२२मध्ये अर्ज दिला, फेब्रुवारी २०२३मध्ये मामींच्या नावाचं आरसी आलं. त्यावर स्वतःचं नाव वाचून मामी म्हणाल्या, "उभ्या जन्मात सायकल नाही चालवली मी." आणि डोळ्याला पदर लावला.

याच काळात माझ्या हातून मोठी चूक झाली. वाट बघवेना म्हणून जानेवारीतच मी इंजिन उतरवून खोललं.

एप्रिलमध्ये मामींकडून माझ्या नावावर करायला फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० घेऊन गेले. सोबत चेसिस आणि इंजिन नंबरांच्या पेन्सिल प्रिंट. नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की उमटतात त्या. खिडकीतल्या बाईंनी प्रिंट पाहिली, पडद्याकडे पाहिलं, परत प्रिंट पाहिली. जुन्या पुस्तकातली नोंद संगणकावर चढवताना इंजिन नंबरातल्या ८ चा कधीतरी ३ झाला होता. मामींच्या वेळी तो कोणाच्या लक्षात आला नाही, माझ्याही नाही. आता आधी दुरुस्तीचा अर्ज, आणि त्यासाठी निरीक्षकांसमोर गाडी. गाडी म्हणजे फ्रेममध्ये इंजिन असलेली गाडी.

माझं इंजिन तेव्हा तीन ट्रेमध्ये होतं.

दोन रात्री बसून रिकाम्या क्रँककेसचे दोन्ही भाग जोडले, वर रिकामं बॅरल आणि हेड ठेवून बोल्ट आवळले आणि ते फ्रेममध्ये बसवलं. टेम्पोचे जाऊन-येऊन ३,६०० रुपये. निरीक्षक माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी बॅटरी मारून नंबर पाहिला, जुन्या पुस्तकाशी ताडला, फोटो घेतले आणि म्हणाले, "नंबर शाबूत आहे, एवढं बघायचं होतं. पण कागद होईपर्यंत आता खोलू नका." म्हणून हा सल्ला कळकळीने देते: संगणकावरची नोंद, हातातलं आरसी आणि धातूवरचा नंबर या तिन्हींतला एकेक आकडा जुळवून पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. नंबरावर वाळूचा मारा किंवा पॉलिशचं चाकही फिरवू देऊ नका. मी तिथे चिकटपट्टीचे चार थर लावून मगच केस धुवायला दिलं.

दुरुस्ती जूनमध्ये झाली. जुलै २०२३मध्ये आरसी माझ्या नावावर आलं.

आता दुसरं इंजिन. पहिल्यांदा एका जुन्या बाजारात नऊ हजारांत अख्खं इंजिन दाखवलं. किकला दाब उत्तम, बॅरल चांगलं. पण नंबराची जागा ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेली. विकणारा म्हणाला, "आतलाच माल पाहिजे ना तुम्हाला, नंबर काय करताय?" नंबर का घासला असेल याचं एकच कारण मला सुचत होतं, मी तिथून निघाले. पुढे सहा आठवडे गेले. मग ओळखीतून एका शेतकरी कुटुंबाकडची गाडी कळली. फ्रेम गंजून सडलेली, गाडी निकामी झाल्याचं कळवून नोंदणी रीतसर रद्द करून घेतलेली, आणि तो कागद त्यांनी जपून ठेवलेला. इंजिनाचे १४,००० पडले. पावतीवर इंजिन नंबर लिहून घेतला, सोबत रद्द नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स. ही दोन कागदं आजही माझ्या फाइलमध्ये आहेत.

दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी मांडली तो रविवार माझ्या लक्षात राहील. बाहेरून सारखी. तीच ७० गुणिले ९० मिलिमीटरची बोअर-स्ट्रोकची मापं, तेच ३४६ सीसी. दोन्ही मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली. १९५५मध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली, आणि बुलेटचं हे इंजिन मूळ आराखडा न सोडता पुढे कितीतरी दशकं बनत राहिलं. म्हणूनच एकाचे अवयव दुसऱ्याला बसू शकतात. पण सगळे नाही. क्रँककेसचे डावे-उजवे भाग कारखान्यात जोडीने यंत्रावर घेतलेले असतात, त्यामुळे एका केसचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असं करता येत नाही. मामांचं केस जोडीने ठेवलं. दुसऱ्या इंजिनातून बॅरल घेतलं, ते एकदाच बोअर झालेलं होतं. हेड घेतलं, कारण मामांच्या हेडमध्ये प्लगचे आटे गेले होते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हलण्याने फिरणारा खालचा दांडा, तोही तिकडचाच. ऑईल पंप दोन्हींतले तपासून चांगले निवडले.

दुसरं इंजिन खोलताना टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या गिअरांच्या, बाजूला अडले. ऑईल पंप फिरवणारा वर्म (स्क्रूसारखं छोटं गिअर) क्रँकच्या टोकावर बसतो, त्याला उलटे आटे असतात. मला ते माहीत नव्हतं. जोर लावत गेले आणि त्याच्या कडा गोल केल्या. मिस्त्री संध्याकाळी आले, उलट्या बाजूने पाना फिरवला, एक हलका झटका, सुटला. नवीन वर्मला पंधरा दिवस लागले. बेअरिंगसाठी मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: ठोकायचं नाही, केस गरम करायचं. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. शंभर अंशांच्या आसपास केस तापलं की जुनं बेअरिंग नुसतं उलटं केल्यावर खाली पडतं आणि नवीन हाताने बसतं. पहिल्यांदा ते पडलेलं पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की परत बसवून परत पाडावंसं वाटलं.

क्रँकचं प्रकरण सगळ्यात लांबलं. बुलेटचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चाकं, त्यांच्यामध्ये पिन, पिनवर कनेक्टिंग रॉड, आणि दोन्ही बाजूंनी नट. रॉड आणि पिन बदलायची म्हणजे तो फोडायचा आणि परत जोडायचा. जोडल्यावर दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. ऑक्टोबर २०२३मध्ये एका वर्कशॉपमध्ये दिला. २,२०० रुपये घेतले, चार दिवसांत दिला. दिसायला सुंदर. मी तो केसमध्ये ठेवून हाताने फिरवला तर एका जागी किंचित जड लागायचा. ते म्हणाले, चालल्यावर मोकळा होईल. मन मानेना. तो गोणपाटात गुंडाळून एसटीने कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन गेले. तिथल्या एका लेथवाल्या काकांनी दोन सेंटरमध्ये क्रँक धरला, डायल गेज लावलं आणि मला काटा बघायला सांगितला. ०.३२ मिलिमीटर डोलत होता. ०.०५च्या आत हवा. काका म्हणाले, "असाच घातला असतात तर बेअरिंगं हजार किलोमीटरही चालली नसती."

त्यांच्याकडे नंबर होता पाच आठवड्यांनंतरचा. थांबले. डिसेंबरमध्ये दिवसभर तिथेच बसले. नवीन पिन, नवीन फ्लोटिंग बुश, मग नट आवळायचे, सेंटरवर धरायचं, काटा बघायचा, तांब्याच्या हातोड्याने चाकाच्या कडेवर एक ठोका, परत काटा. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. दुपारी चारला काटा ०.०३वर स्थिरावला. ४,८०० रुपये. या पूर्ण गाडीत मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात ते हे पैसे. तुम्ही क्रँक कुठेही द्या, पण परत घेताना सेंटरवर लावून काटा दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो.

बॅरल तिथेच ०.५० मिलिमीटर वरच्या मापाच्या पिस्टनला बोअर करून घेतलं. आधी पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन हातात देऊन बोअर करून घ्या. पिस्टनही एकमेकांत किंचित वेगळे असतात. रिंगा बॅरलमध्ये सरळ बसवून फटीचं माप घेतलं, एक फारच कमी होती, ती कानसून ०.३ मिलिमीटरवर आणली. पिस्टन आणि बोअरिंगचे ३,९०० रुपये, व्हॉल्व्ह, गाइड आणि सीटचे ३,५००.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ जोडणीत गेले. रंगाचं, चाकांचं आणि वायरिंगचं काम याच काळात चालू होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आरसीवर रंग काळा आहे, म्हणून काळाच ठेवला. दिवे बारा व्होल्टचे केले. माझ्या मूळ स्वप्नातलं उरलं ते हँडल जरा खाली आणि स्प्रिंगच्या दोन वेगळ्या सीट. आरसीवर आसनं दोन लिहिली आहेत, म्हणून मागची सीटही ठेवली. सगळं बोल्टवर, उद्या काढायचं म्हटलं तर तासाभरात काढता येईल असं. चित्रातल्या त्या बुटक्या, कापलेल्या गाडीची हळहळ मला बरेच दिवस वाटत राहिली.

१७ मार्च २०२४, रविवार. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावले: इंजिन थंड, पिस्टन वर, पुशरॉड बोटांनी मोकळी फिरली पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये. प्लग काढून वीस-पंचवीस किका मारल्या आणि रॉकरकडे जाणाऱ्या ऑईल पाइपचा बोल्ट जरासा सैल केला. तेल आलं. मग प्लग लावला. चावी लावून किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा पाहायचा. तो डावीकडे जातो आणि परत मध्ये येतो, तिथे थांबायचं. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक बोटभर पुढे, सोडून द्यायची, आणि मग पूर्ण किक. मामांनी मला हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं, तेव्हा माझ्या वजनाने किक खालीही जायची नाही.

पाचव्या किकला गाडी चालू झाली, आणि अर्ध्या मिनिटात अंगण धुराने भरलं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑईल बाहेर यायला लागलं. मी बंद केली आणि पायरीवर बसले. रिंगा उलट्या बसल्या का, बॅरल चुकलं का, परत सगळं उतरवायचं का, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "ऑईल कधी भरलं होतं?" तीन आठवड्यांपूर्वी. "मग ते पंपातून झिरपून खाली क्रँकपाशी उतरलंय. खालचा बोल्ट काढून ते काढा, मोजून परत वर भरा." या इंजिनाची ऑईल टाकी केसमध्येच, क्रँकच्या मागे असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पंपातून सावकाश खाली येतं. जवळजवळ पाऊण लिटर निघालं. दुसऱ्यांदा चालू केली तेव्हा पाच मिनिटांत धूर विरला. खालचा ठोका नव्हता. मी मामींना फोन लावून मोबाइल सायलेन्सरपाशी धरला. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

आरसीची मुदत ३० जून २०२४ला संपत होती. मामांनी २०१९मध्ये शेवटचं नूतनीकरण केलं होतं. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, आणि उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा. त्याच वर्षी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे 'व्हिंटेज' नोंदणीचाही विचार केला. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मला ती चालवायची होती. म्हणून साधं नूतनीकरण: फॉर्म २५, फी १,००० रुपये आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २,०००. (ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीची फी २,००० झाली आहे, हिशेब करताना लक्षात ठेवा.)

पीयूसीत पहिल्यांदा नापास. जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा ५.२. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू तिथेच पाव-पाव फेरा फिरवत ३.१वर आणला. २१ मेला तपासणी. यावेळी निरीक्षक दुसरे, तरुण. त्यांनी नंबर ताडले, हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले आणि स्वतः चक्कर मारायला बसले. "सर, गिअर उजवीकडे आहे, पहिला वर आणि बाकीचे खाली. ब्रेक डावीकडे," मी घाईघाईने म्हटलं. ते उतरले, आवारात गाडी ढकलून बाजूला लावली आणि म्हणाले, "तुम्हीच चालवून दाखवा." दाखवली. आरसी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टाने आलं, ३० जून २०२९पर्यंत.

वहीतली बेरीज ८४ हजारांच्या आसपास जाते. त्यात चुकीचा क्रँक, मी खराब केलेला वर्म आणि टेम्पोच्या फेऱ्याही आल्या. २०२५मध्ये एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरपाटी, लावली, जीएसटीसह ५३१ रुपये. नोंद आधीच दुरुस्त असल्यामुळे तिथे काही अडलं नाही.

पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर नेली नाही. पाचशेला ऑईल काढलं तेव्हा त्यात बारीक चमक होती, पंधराशेला नव्हती. मामांच्या डायरीत अकरा पानं कोरी होती, त्यातल्या पहिल्यावर दोन्ही तारखा लिहिल्या आहेत. दुसऱ्या इंजिनाचं रिकामं केस तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलंय, त्याच्या कागदांसकट. क्लचची वायर जरा ओढतेय, पुढच्या रविवारी ती बदलायची आहे.